कलम २५ : धर्माची हद्द आखायची कोणी?

भारतीय संविधानाची २५ ते २८ ही कलमे धर्मस्वातंत्र्याची आहेत. नागरिकशास्त्राच्या पेपरात धर्मनिरपेक्षतेवरचा प्रश्न बहुधा या चार कलमांवर आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीवर येऊन थांबतो. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द त्या दुरुस्तीने उद्देशिकेत आला. तो नव्हता तेव्हाही कलम २५ होतेच, आणि या विषयातला खरा अवघड प्रश्न त्या कलमाच्या पोटात आहे.

कलमाचा पहिला खंड प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो; धर्म उघडपणे मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. मात्र हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. दुसऱ्या खंडाने राज्याला दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय व इतर ऐहिक व्यवहारांवर ते नियंत्रण आणू शकते; समाजसुधारणेसाठी कायदा करू शकते आणि हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करू शकते. त्यामुळे ‘राज्य धर्मात हस्तक्षेप करत नाही’ हे वह्यांमधले लाडके वाक्य भारतापुरते तरी अर्धवट आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, तो काळ संविधानसभेच्या डोळ्यांसमोर होता. देवळाचे दार बंद राहते तिथे राज्याने तटस्थ राहणे म्हणजे दार बंद ठेवणाऱ्याची बाजू घेणे, हे घटनाकारांनी ओळखले होते.

पण ऐहिक काय आणि धार्मिक काय, हे ठरवायचे कोणी? दानपेटीचा हिशेब तपासणे ऐहिक, पूजेचा विधी धार्मिक, इथवर कोणाचे दुमत नाही. नैवेद्याचा खर्च मात्र दोन्हींकडे मोजता येतो. डिसेंबर १९४८ मध्ये संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी हीच अडचण मांडली होती. या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे आयुष्य व्यापते. तिला मुळात धार्मिक असलेल्या श्रद्धा व विधींपुरती मर्यादा घातली नाही, तर कोणतीही सामाजिक सुधारणा अशक्य होईल, असा त्यांचा मुद्दा होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात उत्तराची पहिली चौकट घातली. धर्म म्हणजे केवळ मते नव्हेत, आचारही धर्मच. आणि धर्माचा गाभा कोणता, हे प्रामुख्याने त्या धर्माच्याच शिकवणीवरून ठरेल, असे न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी म्हटले. नैवेद्याचेही उत्तर त्यातच आले: त्यावर पैसा खर्च होतो म्हणून तो ऐहिक ठरत नाही. ही भूमिका धर्मसंप्रदायांना झुकते माप देणारी होती.

पुढच्या दशकात पारडे फिरले. ते फिरवणारे न्यायमूर्ती साताऱ्यात जन्मलेले आणि संस्कृत विद्वानांच्या घरातले होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. अजमेर दर्ग्याच्या १९६१ च्या निकालात प्र. बा. गजेंद्रगडकरांनी सांगितले की काही रूढी अंधश्रद्धेतून धर्माला चिकटलेल्या असतात आणि अशा उपऱ्या रूढींना संरक्षण मिळणार नाही. १९६६ च्या खटल्यात अहमदाबादच्या सत्संगींचा दावा होता की स्वामिनारायण संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा त्याला लागू नाही. गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्माची तात्त्विक चर्चा करून तो दावा फेटाळला, आणि या दाव्यामागे स्वामिनारायणांच्या शिकवणीविषयीचा गैरसमज आहे, असेही सुनावले. दलितांना मंदिर खुले राहिले, हे न्याय्यच झाले. पण भक्ताला त्याच्या गुरूचा अर्थ न्यायाधीशाने समजावून सांगावा, हे काम न्यायालयाचे नव्हे. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ हाताशी असताना तर त्याची फारशी गरजही नव्हती.

रूढी धर्माचा आवश्यक भाग आहे का, हे पाहण्याच्या याच कसोटीचा उलटा परिणाम १९६२ मध्ये दिसला होता. जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावरून बहुमताने रद्द झाला. बहिष्काराचा अधिकार पंथाची शिस्त टिकवण्यासाठी आवश्यक मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे होते: बहिष्कृताचे नागरी जिणेच उद्ध्वस्त होते, आणि तो निव्वळ धार्मिक प्रश्न उरत नाही.

वेगळी वाट १९८६ मध्ये केरळातल्या एका शाळेच्या प्रकरणातून निघाली. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडे परिपाठात राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या श्रद्धेला ते मान्य नव्हते. त्यांना शाळेतून काढले गेले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांची श्रद्धा न्यायालयाला पटते का, हा प्रश्नच बाजूला ठेवला. ती प्रामाणिक आहे का आणि त्यांच्या वागण्याने कायदा मोडतो का, एवढेच पाहिले. मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश झाला.

जुनी कसोटी शबरीमला मंदिराच्या खटल्यात पुन्हा पुढे आली. त्यात २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश मिळाला. विरोधी मत नोंदवणाऱ्या इंदू मल्होत्रा या पीठावरच्या एकमेव महिला न्यायमूर्ती होत्या. पुढच्याच वर्षी कसोटीचा मूळ प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला.

दोन वाटांपैकी १९८६ ची वाट अधिक सरळ आहे. तिच्यात न्यायाधीशाला शास्त्री, मौलवी वा पाद्री व्हावे लागत नाही. श्रद्धा खरी मानायची आणि तिच्यातून निघालेल्या कृतीने दुसऱ्याचा हक्क मारला जातो का, ते तपासायचे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा याच अंगाने जातो. बहिष्कार धर्माचा गाभा आहे की नाही, यावर गुन्हा अवलंबून ठेवलेला नाही. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.