खिडकी

शेलार गावात आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच. तीस वर्षं त्या खडखडाटात झोपलेला माणूस गोव्यातल्या लॉजवाल्याला फोनवर विचारतोय, "खोली शांत आहे ना?" बायकोला हसू आवरेना.

डिसेंबर 2024 ची गोष्ट. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचं दर्शन दहा वर्षांनी खुलं झालं होतं. हिच्या वसईच्या मैत्रिणीने मनावर घेतलं, म्हणून निघायचं ठरलं. राहायच्या तीन जागा डोळ्यापुढे होत्या. पणजीत एसी खोली, पण चर्चपासून दहा किलोमीटर. मंगेशीला देवळाच्या अग्रशाळेत, ओळखीने. आणि तिसरी, दर्शन होतं त्या कॅथेड्रलच्या जवळ; तिच्या फोटोत खिडकीतून बुरूज दिसत होता. मूळचे बुरूज दोन. एक 1776 मध्ये कोसळला. उरलेला दिसण्याचे नऊशे रुपये जास्त!

माझा जीव त्या खिडकीत अडकला. आणि तिथेच खटकलंही. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. इथे तर तारीख टाकल्याशिवाय मोबाइल पुढे सरकत नव्हता. देवाच्या गावी पाहुणा म्हणून जायचं, तर यजमानाची खिडकी निवडणारा मी कोण? वज्रेश्वरीच्या धर्मशाळेत चटई पसरली की आमचा मुक्काम व्हायचा. मी म्हटलं, "तेव्हा आपल्यात भक्ती होती."

"पैसे नव्हते," ही म्हणाली.

निवडण्यातच अहंकार आहे असं मी धरून चाललो होतो, पण झेवियर यांनीही मुक्काम निवडलाच होता. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्यात उतरले ते पोपचे प्रतिनिधी म्हणून. मानाने कुठेही उतरता आलं असतं. ते राहिले रुग्णालयात, रोग्यांच्या शेजारी. हे वाचल्यावर माझी खिडकी जरा लहान झाली.

मात्र याच माणसाने पुढे पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मागितलं. ते आलं 1560 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्याच साली कुशस्थळीचा मंगेश भक्तांनी जुवारीपलीकडे प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर नेला. आमची वज्रेश्वरीही मूळची गुंजची, फिरंग्यांमुळे हलली, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. रोग्याच्या उशाशी बसणारे हात आणि ते पत्र लिहिणारे हात एकच, हे माझ्याच्याने अजून नीट जुळत नाही. जुळवायचा अट्टाहासही मी सोडलाय. करुणेलाही तिचं कुंपण असतं बहुतेक.

खिडकी सोडून मंगेशीला राहायचं म्हटलं, तर खरी अडचण आता आली. मंगेशाच्या ओसरीत झोपायचं आणि सकाळी उठून झेवियरच्या रांगेत उभं राहायचं, हे मंगेशाला खुपणार नाही का? हिला विचारलं. डाळ निवडता निवडता म्हणाली, "त्याला काय खुपायचंय? तो स्वतःच चारशे वर्षं दुसऱ्याच्या गावात राहतोय."

अग्रशाळेत राहिलो. इतकी शांतता, की मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी बसने जुन्या गोव्यात आलो. दर्शन कॅथेड्रलमध्ये होतं. दाराशी हिने सवयीने चपला काढल्या. रांग सांभाळणारा पोरगा म्हणाला, "मावशी, इथे घालून चालतं." हिने ऐकल्यासारखं केलं आणि चपला पिशवीत टाकल्या. काचेच्या पेटीपाशी दोन-तीन क्षण मिळाले. "केवढासा झालाय," एवढंच ती पुटपुटली, घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

बाहेर आल्यावर मी त्या लॉजची खिडकी शोधली. सापडली. पडदा ओढलेला, एसीचं पाणी खाली ठिबकत होतं. मागे वळून पाहिलं, तर ही पायरीवर बसून चपला घालत होती.