तिकीट कशाचं?

कबिनीच्या जीप सफारीसाठी मातकट कपडे, टोपी, दुर्बीण सगळं बॅगेत जातं. अत्तर नको, हेही कळतं. पण हत्ती कान पसरून उभा राहिला, तर ‘अण्णा, जरा पुढे घ्या’ म्हणायचं की नाही, हे घरून कोण ठरवून निघतं? टिप आपल्या हातात, त्यामुळे ड्रायव्हरला नाही म्हणणं जड जातं.

‘पैसे भरलेत’ हे मला पटत नाही. तिकीट जीपचं असतं, हत्तीचं नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं, काठावर गवत उगवतं, कळप त्यासाठी येतात. एकेकाला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागतो. त्यात पिल्लू सोबत असेल तर जीप मागे, फोटो हुकला तर हुकला.

पक्ष्यांचं बरं, उडून जातात. घरट्यात अंडी असली की तेही सोपं नसतं म्हणा.