मोहर्लीचा मुक्काम

ताडोब्याला, मोहर्ली गेटजवळच्या हॉटेलात उतरलेला पाहुणा आल्याआल्या विचारतो, "वाघ दिसेल ना?" १९५५ साली घोषित झालेलं हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पण हॉटेलच्या कुंपणाबाहेरही जंगलच असतं. चैत्रात पहाटे मोहफुलं गळतात आणि गावातल्या बाया टोपल्या घेऊन ती वेचायला निघतात. वाकून, खाली बघत, वाघाच्याच वाटेवर. आपण जिप्सीत बसून ज्याला शोधतो, तो समोर येऊ नये म्हणून त्या जीव मुठीत धरून असतात. वाघ जगला तो अशा शेजाऱ्यांच्या सोसण्यावर, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आपणही रात्री खोलीबाहेरचा दिवा मालवावा, गाणी लावू नयेत. आणि सकाळी चहा आणून देणारा मुलगा बहुधा जवळच्याच गावचा असतो. त्याला यंदा मोह कसा आला, हे जरूर विचारावं.