ब्रह्मांडाचे माप

सज्जनहो, सीवूड्सला खाडीकडच्या एका सोसायटीत कीर्तन होते. आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि सातवी-आठवीतली एक मुलगी पाया पडून विचारते, "महाराज, ब्रह्मांड खरंच अंड्यासारखं आहे का हो?" मी म्हटलं, "होय बाळ, नावातच अंड आहे!" मंडळी हसली. पोर गप्प झाली. घरी आलो, पण झोप येईना. व्युत्पत्ती सांगून मी वेळ मारून नेली होती.

सकाळी सिद्धांतशिरोमणी काढला. भास्कराचार्यांनी शके १०७२ त, म्हणजे इ. स. ११५० मध्ये तो रचला, वय अवघे ३६. त्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावाजवळ पाटण्याला आहे. आकाशकक्षेचा परीघ पूर्वीच्यांनी योजनांत दिला होता. कित्येक त्यालाच ब्रह्मांडाचा परीघ मानीत. आचार्य म्हणतात, ब्रह्मांड एवढे असो वा नसो, ग्रह एका कल्पात एवढी योजने चालतो, इतकेच आमचे मत. काय धीर म्हणावा हा! माझ्या अंगी तो नव्हता.

आता आजचे लोक काय म्हणतात ते ऐका. गोलावर मोठा त्रिकोण काढला की कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त भरते. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आपल्याकडे येतो. त्यातल्या ठिपक्यांचे खरे माप गणिताने कळते, दिसणारा कोन यंत्राने कळतो. झाला त्रिकोण! युरोपने २००९ साली सोडलेल्या प्लांक यानाच्या मापनात अवकाशाला वाक आढळला नाही. सपाट निघाले. सपाट म्हणजे ताटासारखे नव्हे बरं का, त्रिकोण १८० चाच भरतो एवढाच अर्थ.

पण तेवढ्याने आकार ठरत नाही. कागदावर त्रिकोण काढून कागदाची नळी करा. त्रिकोण तोच राहतो, पण मुंगी नळीभोवती सरळ चालली की निघाली तिथेच येते. विश्वही असे मिटलेले असेल काय? तसे असेल तर एकच जागा दोन दिशांना दिसावी. त्या जुळ्या खुणा शोधल्या, मिळाल्या नाहीत. शिवाय परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, हेही आचार्यांनी पृथ्वीविषयी सांगून ठेवले आहे. सीवूड्सच्या गच्चीवरून खाडी सपाटच दिसते की! आपल्याला दिसते ते विश्व सगळ्याचा कितवा भाग, कोण सांगणार?

असो. येत्या एकादशीला पुन्हा तिकडे जाणे आहे. कागदाची नळी पिशवीत ठेवली आहे. पण ती काढण्याआधी त्या मुलीला सांगायचे आहे, बाळ, त्या दिवशी मी चुकलो.