वर माणूस बसलेला असतो तेव्हा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटत्या ठिपक्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं सापडलं. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. रॉकेट वर जाताना पाहायला लोक श्रीहरिकोट्याला किंवा फ्लोरिडाला जातात. आपल्या झाडीपट्टीनं ते खाली येताना पाहिलं.

त्या संध्याकाळी अचंबा खूप वाटला, पण तो चार दिवसांत ओसरला. २५ जून २०२५ रोजी भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला फ्लोरिडातून अवकाशात निघाले, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. भर दुपारी दूरचित्रवाणीसमोर बसलेली माणसं गप्प झाली होती. त्यांना नेणाऱ्या ‘फाल्कन ९’ जातीचंच रॉकेट एरवी उपग्रह घेऊन वरचेवर उडतं आणि कुणी मान वळवूनही पाहत नाही. आग तीच, आवाज तोच. मग टोकाशी चार माणसं बसली की आपल्या घशाला कोरड का पडते?

उड्डाण हे मुळात इंद्रियांना हादरवणारं दृश्य आहे, यात शंका नाही. आपलं ‘एलव्हीएम ३’ साधारण ६४० टन वजनाचं. पाच किलोमीटरवर उभ्या असलेल्याला आधी नुसता उजेड दिसतो. रॉकेट बुडाशी उजळतं, जमीन सोडतं, आणि तरी सगळं मुकं असतं; ध्वनीला तेवढं अंतर कापायला पंधराएक सेकंद लागतात. मग तो येतो आणि कानाआधी छातीत शिरतो. पण हा अनुभव उपग्रहाच्या उड्डाणातही मिळतो. माणूस वर असताना जे वाटतं त्याचं मूळ आगीत सापडणार नाही. ते शोधायचं तर उड्डाण होत नाही तेव्हा काय होतं, हे पाहावं लागेल.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या बचाव यंत्रणेची पहिली उड्डाणचाचणी होती. खराब हवामानामुळे वेळ आधीच पुढे ढकललेली. उलटी मोजणी पाचावर आली आणि संगणकानं ती स्वतःहून थांबवली. दोष शोधला, दुरुस्त केला आणि दहा वाजता यान उडालं. अंतराळवीरांसाठीची कुपी रॉकेटपासून सुटली आणि पॅराशूटच्या आधारानं समुद्रात उतरली. तिच्यात माणूस नव्हता; तरीही माणूस असता तर काय, हा एकच प्रश्न त्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होता. शुक्लांचं उड्डाणही कितीदा तरी लांबलं. कधी हवामान, कधी रॉकेटमधली द्रव ऑक्सिजनची गळती, कधी अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातली गळती. तारखा हुकल्या, त्याची कुणी लाज बाळगली नाही.

याहून बोलकं उदाहरण राकेश शर्मांच्या सहप्रवाशाचं. २६ सप्टेंबर १९८३ला बैकानूरच्या तळावर सोयुझ रॉकेटनं उड्डाणाआधीच पेट घेतला. स्फोटाच्या काही सेकंद आधी बचाव रॉकेटनं कुपी उचलून दूर नेली आणि आतले दोघे वाचले. त्यांच्यातले गेन्नादी स्त्रेकालोव पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १९८४ला, शर्मांच्या शेजारी बसून पुन्हा अवकाशात गेले. त्या विश्वासाला बळ होतं ते आधी एकदा जीव वाचवून दाखवलेल्या यंत्रणेचं. आपण विस्मयानं पाहतो ते हेच: कुणा एकाच्या जिवासाठी हजारोंनी आपलं काम पुन्हा पुन्हा तपासलेलं असतं, आणि त्यांच्यातला कुणीही ‘थांबा’ म्हणू शकतो. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या बूस्टरची आवरणं तयार होतात, विक्रोळीत गोदरेजमध्ये विकास इंजिनं. तिथल्या वेल्डरचा सांधाही त्या विश्वासाचा भाग असतो.

‘थांबा’ हा शब्द ऐकला गेला नाही तर काय होतं, हे जगानं २८ जानेवारी १९८६ला पाहिलं. थंडीत बूस्टरच्या सांध्यांमधली रबरी कडी नीट काम करणार नाहीत, असं ते बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते आदल्या रात्री सांगत होते. व्यवस्थापनानं त्यांना बाजूला सारलं. ७३ सेकंदांत ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अंतराळयान फुटलं आणि सात जण गेले. एक शिक्षिका त्यात होती म्हणून असंख्य शाळकरी मुलं ते उड्डाण थेट पाहत होती.

हीच कसोटी जमिनीवरच्या कामाला लावायला आता गोसीखुर्दला येऊ. पवनी तालुक्यातल्या वैनगंगेवरच्या या धरणाला ३३ दारं आहेत. श्रावण-भादव्यात ती उचलली की पाणी दाराखालून सुटतं, तळाशी आपटून पांढरंफेक उसळतं, शेजारच्याचे ओठ हललेले दिसतात पण शब्द पोचत नाही. भंडाऱ्या-नागपुराहून लोक मुलाबाळांना घेऊन ते पाहायला येतात. या विस्मयाला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. माणसानं एवढी मोठी नदी अडवावी आणि हवी तेव्हा सोडावी, हे थक्क करणारंच आहे. फक्त रॉकेटकडे पाहताना वर कोण बसलंय हे आपल्याला ठाऊक असतं. धरणाकडे पाहताना ते आपण विसरतो.

इथे माणसं दोन्हीकडे आहेत. वरच्या अंगाला ज्यांची गावं आणि धानाची बांधी पाण्याखाली गेली ते, आणि खालच्या अंगाला नदीकाठी राहणारे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी आलं, गोसीखुर्दची दारं उघडली गेली आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजसारख्या गावांना महापुरानं वेढलं. लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. इशारा वेळेवर आणि पुरेसा मिळाला नाही, अशी तक्रार तेव्हा गावोगाव होती. उलटी मोजणी चालू होती. ज्यांच्या जिवाची होती त्यांनाच ती ऐकू आली नाही.

या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ खर्च ३७२ कोटींचा. आता तो १८ हजार कोटींच्याही पुढे गेला आहे. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत अडीच लाख हेक्टर भिजवायचं वचन होतं. २००९मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. कालव्यांच्या अस्तरीकरणाचं काम निकृष्ट ठरलं, निविदांची लाचलुचपत प्रतिबंधक विभागामार्फत चौकशी झाली. पुनर्वसन रेंगाळल्यानं जलाशय वर्षानुवर्षं पूर्ण पातळीपर्यंत भरता आला नाही. रॉकेटचा सांधा असा जोडला गेला असता तर उड्डाणाच्या दिवशी सगळ्या देशाला कळलं असतं. कालव्याचा सांधा उखडतो तेव्हा शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यालाच कळतं, आणि त्याच्या बांधीत कॅमेरा नसतो.

यावर कुणी म्हणेल, मग रॉकेटं हवीतच कशाला? हा वाद जुना आहे. ‘अपोलो ११’च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी अमेरिकी नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ अॅबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरगाड्यांना घेऊन केप केनेडीला गेले होते. भुकेल्यांचा देश चंद्रावर कशाला जातो, असा त्यांचा सवाल होता. पण अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी त्यांनी प्रार्थनाही केली. कौतुक करणं आणि जाब विचारणं एकाच माणसाला एकाच दिवशी जमतं, हे त्यांनी दाखवून दिलं. रॉकेट रद्द केल्यानं कालव्याला पाणी येणार नाही. रॉकेटची शिस्त कालव्याला लावली तर कदाचित येईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. चार निवडक, प्रशिक्षित आणि स्वेच्छेनं गेलेल्या माणसांसाठी जी काळजी परवडते, ती लाखोंसाठी कशी परवडणार? माझ्या मते हा हिशेब उलटा मांडला पाहिजे. अंतराळवीर स्वतः होऊन जोखीम पत्करतो. बुडीत क्षेत्रातल्या शेतकऱ्याला कुणी विचारलेलं नसतं, म्हणून त्याच्या बाबतीत काळजी अधिकच हवी. आणि ती फार महागही नाही. दार उघडण्याआधी काठच्या प्रत्येक गावात भोंगा आणि दवंडी, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची रंगीत तालीम. अस्तरीकरणाची तपासणी त्रयस्थाकडून, आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर. काम सदोष आहे असं सांगणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला बदलीची भीती नको. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही महाराष्ट्रातल्या चळवळींची जुनी मागणी याच शिस्तीची आहे: एक अट पूर्ण झाल्याशिवाय मोजणीचा पुढचा आकडा उच्चारायचा नाही.

गगनयानातून भारतीय माणूस भारतीय रॉकेटवर बसून जाईल, तो दिवस अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा आपण सगळे श्वास रोखून पाहू, आणि पाहावंच. पण त्या दिवशी वर बसलेल्यांसाठी देशानं जी दक्षता घेतली, तिच्यावर वैनगंगेकाठच्या माणसाचाही तेवढाच हक्क आहे. पाटबंधारे खात्यानं प्रत्येक धरण वर माणूस बसलेला आहे असं समजूनच बांधावं आणि चालवावं, ही मागणी आपण नागरिकांनी आता लावून धरली पाहिजे.