देणाऱ्याने हात आखडता घेतला तर



दिवाळी सरली की आपल्या हदगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते, म्हणून नवरा-बायको कोयता घेऊन निघतात आणि मोळ्या बांधायला हाताशी आलेली पोरेही सोबत जातात. चार वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातला चौदा वर्षांचा एक मुलगा मात्र गेला नाही. तो आजीजवळ राहिला आणि त्याला कारण होते फुटबॉल.

त्या वर्षी परगावच्या एका सद्गृहस्थांनी मुलांसाठी बूट, जर्सी आणि चार चेंडू पाठवले होते. आम्ही मोठ्या हौसेने संघ उभा केला, दोन हंगाम चालवला. पुढे त्या सद्गृहस्थांच्या धंद्यात अडचण आली, पैसे यायचे थांबले आणि आम्हीही इतर व्यापांत गुंतलो. खरे सांगायचे तर आम्हाला थोडे हायसेच वाटले. संध्याकाळी मैदानावर उभे राहण्यातून सुटका झाली.

तोच मुलगा यंदा निघण्याआधी भेटायला आला. बोलण्यात तक्रार नव्हती. चहा पिता पिता त्याने सहज विचारले, "फादर, आपला संघ बंद कुणी केला?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री आम्हाला पुण्याचे दिवस आठवले. ईशज्ञानाच्या शिक्षणासाठी आम्ही पुण्यात होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी सिटी बसने बालेवाडीला सामना बघायला जात असू. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये पुणे एफसी हा क्लब काढला होता. दोनच वर्षांत तो देशाच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे आय-लीगमध्ये पोहोचला आणि 2012-13 च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली दुसरा आला. गोवा आणि कोलकाता यांची मक्तेदारी असलेल्या खेळात पुण्याचे नाव ऐकताना छाती फुगायची. क्लबची स्वतःची अकादमीही होती. कुठकुठची पोरे तिथे राहून शिकत होती.

आणि 2015 मध्ये तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळून त्याच वर्षी मावळला. मग डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये उतरला आणि दोन हंगामांनंतर, 2017 मध्ये, तोही संपला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला, 2017-18 मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत गेला आणि 2019 मध्ये आवरला. त्याची जागा हैदराबादने घेतली. एकाच शहरात पाच वर्षांत चार क्लब गेले. खेळाडूंना निदान दुसरीकडे नोकरी शोधता येते, पण दर सामन्याला जाऊन ओरडणाऱ्या पोरांनी कुठे जायचे?

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. सुपर लीग सुरू झाल्यावर आय-लीगचे भवितव्य काय, हे कुणालाच कळेना. तिकिटांतून खर्च निघत नव्हता. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या मातब्बर क्लबांनीसुद्धा 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. पैसा त्यांचा होता आणि तो त्यांनी वर्षानुवर्षे घातला होता. मग त्यांनी थांबण्यात अन्याय कुठे झाला?

सेमिनरीत आम्ही शिकलो, त्यानुसार संत थॉमस अक्वायनस न्याय आणि औदार्य यांत स्पष्ट भेद करतात. न्याय म्हणजे दुसऱ्याचे त्याला देणे, औदार्य म्हणजे आपले स्वतःचे देणे. या हिशेबाने दाता थांबला तर तो फार तर कमी उदार ठरतो, अन्यायी ठरत नाही. परीक्षेत हे उत्तर लिहून आम्हाला चांगले गुणही मिळाले होते. पण त्या मुलाच्या प्रश्नापुढे ते अपुरे पडले. कारण दान हे नुसते हातातून हातात जात नाही. घेणारा त्याच्या आधाराने आपल्या आयुष्याची मांडणी बदलतो. कुणी ऊसतोडीला जात नाही, कुणी घर सोडून अकादमीत राहतो. आम्हीच त्याला "ये, तुझी जागा पक्की" म्हणून बोलावले असेल, तर कागदावर सही नसली तरी त्या बोलावण्याचे काही देणे आमच्या अंगावर येते. ते देणे जन्मभर पोसण्याचे नसेल. पण वेळेत सांगण्याचे आणि जे उरले आहे ते त्यांच्या हाती सोपवण्याचे तरी आहेच, असे आम्हाला वाटते. आम्ही दोन्ही केले नाही. चेंडू कपाटात ठेवून कुलूप लावले.

नुसते सोपवून भागते असेही नाही. इंग्लंडमध्ये रशडेन नावाचे बुटांच्या कारखान्यांचे गाव आहे. डॉक्टर मार्टेन्स बूट बनवणाऱ्या घराण्यातल्या मॅक्स ग्रिग्ज यांनी 1992 मध्ये त्या परिसरातले दोन छोटे क्लब एकत्र करून रशडेन अँड डायमंड्स हा क्लब उभा केला. तो 2001 मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि 2003 मध्ये आपल्या श्रेणीत पहिला आला. पुढे ग्रिग्ज यांनी 2005 मध्ये क्लब समर्थकांच्या न्यासाकडे दिला. दानतीचेच काम, पण श्रीमंताच्या ऐपतीने बांधलेला वाडा गावाला झाडून ठेवणेही जड गेले. क्लब 2006 मध्ये लीगबाहेर पडला, 2011 मध्ये बुडाला आणि 2017 मध्ये ते सुंदर मैदानही पाडले गेले. समर्थकांनी मात्र क्लब बुडाला त्याच वर्षी नवा क्लब काढला आणि फार खालच्या पायरीवरून पुन्हा खेळायला सुरुवात केली. तो वाडा नव्हता, झोपडी होती. पण त्यांची होती.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ पिढ्यान्पिढ्या शाहू स्टेडियमवर खेळत आले आहेत. मागे पेठ उभी असते. वर्गणी निघते, भांडणे होतात, कधीकधी मारामाऱ्याही होतात, त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. पण एखाद्या वर्षी देणगी कमी पडली म्हणून पेठ उठून दुसऱ्या गावाला जात नाही.

पुन्हा त्या मुलाकडे येऊ. संघाच्या त्या दोन वर्षांत तो शाळेत राहिला आणि दहावी पास झाला. त्याच्या घरात दहावीचा हा पहिलाच कागद. तेव्हा सगळे वाया गेले असे म्हणणे खोटे होईल. पण संघ संपल्यावर त्याने अकरावीला प्रवेश घेतला नाही, हेही तितकेच खरे. संघ असता तर घेतला असता का, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच्या वडिलांना मात्र विचारले तर ते सांगतील की त्या दोन हिवाळ्यांत मोळ्या बांधणारे दोन हात कमी होते. ती झीज त्यांनी सोसली. संघासाठी दात्याने दिले तसे त्या माउलीने आणि बापानेही दिले होते. ते आमच्या वहीत कुठे लिहिलेले नाही.

या महिन्यात आणखी एका दात्याचे पत्र आले आहे. पूर्ण संघाचे साहित्य द्यायची त्यांची तयारी आहे. आम्ही त्यांना आभाराचे पत्र लिहिले आणि थोडे थांबायला सांगितले. कपाट उघडले तेव्हा चारपैकी एकच चेंडू शिवण्याजोगा निघाला. बसस्थानकाजवळच्या चर्मकार बांधवाने तो शिवून दिला. शिलाईचे पैसे मुलांनी आपापसात गोळा केले, आमच्याकडे मागितले नाहीत. कपाटाची किल्ली आता त्यांच्याकडे आहे.

दात्याला काय कळवायचे, वर्षाला किती वर्गणी झेपेल आणि ऊसतोडीच्या महिन्यांत संघ कसा चालवायचा, हे ठरवण्यासाठी मुलांची बैठक येत्या रविवारी मिस्सानंतर व्हरांड्यात होईल. जे पालक गावात आहेत त्यांनी अवश्य यावे. जे फडावर आहेत त्यांना आम्ही शनिवारी रात्री फोन लावू.