नोकरी आणि काम

भिलाईत ‘नोकरी’ आणि ‘काम’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पोलाद कारखान्याच्या हजेरीपटावर कायम असलेला तो नोकरीत. त्याच भट्टीपाशी ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा तो कामावर. जॉनथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईवरील आपल्या 2020 च्या ग्रंथात कामगारांतील वर्गभेद शोधला तो या दोन शब्दांच्या आधारे. एकाला क्वार्टर, इस्पितळ, निवृत्तीनंतरची तजवीज. दुसऱ्याला रोजी, आणि तीही ठेकेदाराच्या मर्जीवर.

ही विषमता 1991 च्या आर्थिक उदारीकरणाने आणली, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्यात तथ्य आहे. त्यानंतर कायम नोकऱ्या घटत गेल्या आणि ठेक्याचे काम वाढले. परंतु सगळा दोष बाजाराच्या माथी मारण्यात आपली सोय किती, याचाही विचार व्हावा. भिलाई हे नियोजनाचे लाडके अपत्य. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. याच कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत 1977 साली कायम कामगाराला 308 रुपये बोनस ठरला, ठेक्यावरच्याला 70. खनिज एक, कारखाना सरकारचा; खुल्या बाजाराचे धोरण तेव्हा क्षितिजावरही नव्हते. त्या असंतोषातूनच शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली ठेका-कामगारांची संघटना उभी राहिली.

पुढे कायम नोकरीची आणि पोटापुरत्या वेतनाची मागणी नियोगींनी भिलाईच्या खासगी कारखान्यांत नेली. 28 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचा खून झाला. 1 जुलै 1992 ला पॉवरहाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 16 कामगार मेले.

मग कायम कामगाराचे वेतनच अन्यायाचे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. माणसाला रात्री निर्धास्त झोप लागावी एवढे मिळाले, हे उत्तमच झाले. खोट आहे ती निराळीकडे. ज्याला मिळाले त्याने ते केवळ आपल्या गुणांचे फळ मानले; शेजारचा त्याच धगीत उभा आहे, हे दिसत असून नजर वळवली. परप्रांतात सरकारी नोकरीच्या आधाराने स्थिरावलेली आपण मराठी माणसे तरी याहून वेगळी कोठे वागलो? आता कायम कामगाराचाच मुलगा ठेकेदाराच्या दाराशी उभा राहतो. संध्याकाळी तो घरी आला की बाप विचारतो, काम मिळाले का. नोकरी हा शब्द तो उच्चारीत नाही.